कोर्टानं शिक्षा दिली, मग खेळानंही बाहेर बसवायचं का? (रशी राइस प्रकरण)

खानापूर_मैदान (धागा सुरू करणारे)

रशी राइस हे नाव आपल्याकडे फार कुणाला माहीत नसेल. अमेरिकन फुटबॉलमधल्या कॅन्सस सिटी चीफ्सचा खेळाडू. 2023 मध्ये संघात आला आणि पहिल्याच मोसमात, फेब्रुवारी 2024 ला, सुपर बोल, म्हणजे तिथल्या लीगची फायनल, जिंकला. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. 30 मार्चला डॅलसच्या हायवेवर त्यानं लॅम्बोर्गिनी ताशी 119 मैलांनी, म्हणजे साधारण 190 किलोमीटरनं पळवली. सोबत शर्यतीत दुसरी स्पोर्ट्स कार होती. दोन्ही गाड्यांचा ताबा सुटला, इतरांच्या गाड्याही धडकेत सापडल्या, माणसं जखमी झाली. वय तेव्हा 23. आणि जखमींकडे न बघता ही मंडळी गाडीतून उतरून चालत निघून गेली.

जुलै 2025 मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला. पाच वर्षं प्रोबेशन (म्हणजे बाहेर, पण कोर्टाच्या देखरेखीखाली), 30 दिवस तुरुंग, जखमींच्या उपचाराचे सुमारे 1 लाख 15 हजार डॉलर भरायचे. तुरुंगाचे दिवस पाच वर्षांत कधीही भोगता येतील अशी सवलत. लीगनं सहा सामने बिनपगारी बाहेर बसवलं.

आमच्या कबड्डीच्या पोरांकडे त्या अपघाताची क्लिप आली. एकजण म्हणाला, "सर, सहाच मॅच ना, परत आला की." ते ऐकून मला राहवेना, म्हणून इथं लिहितोय.

190 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 53 मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो, तेवढ्यात 80 मीटर संपलेले असतात. आपल्या संकेश्वर पट्ट्यात हंगाम सुरू झाला की रात्री उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागं लाइट नाही, रिफ्लेक्टरची पट्टी असली तर चिखलानं माखलेली, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. तिथं 100 नं येणाऱ्यालाही ती ट्रॉली ऐनवेळी दिसते.

माझं मत स्पष्ट आहे. कोर्टाचा निकाल यायचा तेव्हा येईल. खेळाडूला लागते ती मैदानाबाहेर बसण्याची शिक्षा, आणि ती खेळानंच द्यायला पाहिजे, लगेच द्यायला पाहिजे. सहा सामने कमी आहेत. अख्खा मोसम घालवायला हवा होता.

निपाणी_लोड

सर, बरोबर बोललात, पण अर्धंच. आमचा धंदा ट्रकचा. जानेवारी 2024 ला ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या ते आठवतंय का? नव्या कायद्यात अपघात करून पळाला तर 10 वर्षं असं आलं होतं म्हणून. रात्रंदिवस स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसाला 10 वर्षं, आणि मजेसाठी शर्यत लावून पळून जाणाऱ्याला 30 दिवस. तवंदी घाटात माझ्या ड्रायव्हरच्या हातून काही झालं तर त्याला कोण म्हणणार, "जा बाबा, सवडीनं ये तुरुंगात"? खेळातून काढा नाहीतर ठेवा, पहिली शिक्षा आत जाण्याची पाहिजे. सगळ्यांना सारखी.

कोर्ट_कट्टा_बेळगाव

मी वकिली करतो, त्यामुळे आधी एक दुरुस्ती. तो नवा कायदा म्हणजे भारतीय न्याय संहिता. तिच्यातलं ते 106 (2) कलम संपानंतर थांबवलं गेलं, जुलै 2024 मध्ये संहिता लागू झाली तेव्हा तेवढं सोडून. आणि ते मृत्यू झाला, ड्रायव्हर पोलिसांना न कळवता पळाला, अशा प्रकारासाठी आहे. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर आज पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वी दोन होती. कुणी मेलं नाही, नुसतं बेदरकार चालवलं, तर कलम 281 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोटार वाहन कायद्याच्या 184 मध्ये पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते वर्षभर, किंवा 1000 ते 5000 दंड. बहुतेक प्रकरणं दंड भरून मिटतात, हे कोर्टात रोज बघतो. म्हणजे राइसला झालं ते आपल्या मानानं कमी नाही.

आता सरांना माझा विरोध. खेळानं "लगेच" शिक्षा द्यावी म्हणता, म्हणजे आरोप सिद्ध व्हायच्या आधी. हे मला मान्य नाही. हेन्री रग्स हा अमेरिकन फुटबॉलचाच 22 वर्षांचा खेळाडू, नोव्हेंबर 2021 ला लास वेगासमध्ये दारू पिऊन 156 मैलांच्या वेगात धडकला, एक तरुण मुलगी जळून मेली. त्याच दिवशी संघानं त्याला काढलं. तिथं सगळं ढळढळीत होतं म्हणून कुणाला खटकलं नाही. पण प्रत्येक प्रकरण तसं नसतं. गाडी कोण चालवत होतं यावरच आमच्याकडे वर्षानुवर्षं साक्षी चालतात. संघाच्या मालकानं किंवा मंडळाच्या अध्यक्षानं क्लिप बघून निकाल दिला, आणि नंतर कोर्टानं पोरगा निर्दोष ठरवला, तर गेलेला मोसम त्याला कोण परत देणार?

वडगाव_ओपनर

वकीलसाहेबांशी सहमत. सर, राग मानू नका वो, पण तुम्ही अमेरिकेचा माप इथं लावताय. तिथल्या खेळाडूकडे कोट्यवधी डॉलर आहेत. आमच्यातला पोरगा रेल्वेची नाहीतर पोलीस खात्याची स्पोर्ट्स कोट्यातली जागा मिळावी म्हणून खेळतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीत घुसायला कोवळी पोरं पहाटे उठून पळतात. त्याच्यावर एक केस पडली की व्हेरिफिकेशनमध्ये अडकला, नोकरी गेली. तीच केवढी मोठी शिक्षा आहे! वर तुम्ही मैदानही बंद करणार. मग तो पोरगा दिवसभर करणार काय? सराव सुटलेला विशीतला पोरगा कुठल्या कट्ट्यावर जाऊन बसतो ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

ऋषभ पंतची गाडी 30 डिसेंबर 2022 ला रुरकीजवळ दुभाजकावर आदळून जळाली. लोकांनी त्याची वाट बघितली, 2024 ला तो परत आला आणि टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला. दुसरी संधी म्हणतात ती हीच.

खानापूर_मैदान

पंतचं नाव यात नको रे. त्या गाडीत तो एकटा होता, जखम त्याची त्यालाच झाली, शर्यत नव्हती की पळून जाणं नव्हतं. त्याला शिक्षा द्या असं कोण म्हणेल?

पळून जाण्याकडे मात्र कुणी बघतच नाहीये. वेग हा माज असेल, वय असेल. पण धडक झाल्यावर उतरून चालत जाणं हा निर्णय आहे, थंड डोक्यानं घेतलेला.

कोर्ट_कट्टा_बेळगाव

या मुद्द्यावर पूर्ण मान्य. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 134 सांगतं, जखमीला उपचार मिळवून देणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी. जमाव अंगावर येत असेल तर सूट आहे, कारण आपल्याकडे तेही खरं आहे. डॅलसच्या त्या रस्त्यावर जमाव नव्हता.

अक्का_कॅज्युअल्टी

मी दवाखान्यात अपघात विभागात काम करते. वाचतेय तेव्हापासून सगळे त्या पोराच्याच मोसमाचं, नोकरीचं, संधीचं बोलताय. ज्यांना धडकला त्यांचं नाव कुणी काढलं का?

आमच्याकडे येणाऱ्या बाईचं सांगते, ती कोण ते सांगणार नाही. भाजी घेऊन घरी निघालेली, मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशन झालं, रॉड बसला. पहिल्या रात्री तिनं दोनच गोष्टी विचारल्या: म्हशीची धार कोण काढणार, आणि पोरीच्या फीचे ठेवलेले पैसे इथंच जाणार काय. धडकणारी गाडी सापडली नाही. अशा वेळी सरकारी योजनेत गंभीर जखमीला 50,000 रुपये मिळतात, मृत्यू झाला तर 2 लाख. त्यासाठीही कागद घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढायच्या, मोडक्या पायानं. गाडीवाला थांबला असता तर निदान विम्याचा दावा तरी लागला असता. तिच्या हंगामाचं काय? तिला कुणी दुसरी संधी दिली?

राइसनं उपचाराचे पैसे भरले, हे मला त्या सगळ्या शिक्षेत सर्वांत योग्य वाटतं. सहा सामने की सोळा, यावर भांडण्यापेक्षा खेळाडूच्या मानधनातून आधी जखमीचं बिल भरा.

शहापूर_पेठ

सिद्धूचं उदाहरण कुणी घेतलं नाही? 1988 ची घटना, आणि सुप्रीम कोर्टानं एक वर्षाची शिक्षा दिली मे 2022 मध्ये. तोवर माणूस खेळून, निवृत्त होऊन, मंत्री होऊन गेला.

कोर्ट_कट्टा_बेळगाव

ते गाडी चालवण्याचं प्रकरण नव्हतं, रस्त्यातली हाणामारी होती. पण 34 वर्षं लागली, हे खरंच.

खानापूर_मैदान

वकीलसाहेब, तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. कोर्टाला 34 वर्षं लागत असतील तर तोवर खेळानं टाळ्या वाजवत बसायचं? अमेरिकेतल्या जॉर्जियात जानेवारी 2023 ला जेलन कार्टर या कॉलेज फुटबॉलपटूच्या गाडीशी शर्यतीत असलेली गाडी धडकली, त्याचा सहकारी खेळाडू आणि संघाची एक कर्मचारी मेली. त्याला 12 महिने प्रोबेशन, 1000 डॉलर दंड, 80 तास समाजसेवा. एप्रिलमध्ये राइसच्याच लीगमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत मोठ्या संघानं त्याला पहिल्या दहात उचलला. पोरं हेच शिकतात, की दम असेल तर सगळं माफ.

आणि आपण तरी काय करतो? कुस्तीचं मैदान मारलं, कबड्डीची स्पर्धा जिंकली, की बक्षीस बुलेट. हार घालतो, गुलाल उधळतो, किल्ली हातात देतो, फोटो काढतो. लायसन्स आहे का असं स्टेजवरचा एकही पाहुणा विचारत नाही. पोरगा तिथूनच हेल्मेट न घालता मिरवणुकीत गाडी मारतो आणि आपण सगळे मागं नाचतो. त्याला वेगाची चटक आपण लावली.

अक्का, तुमचं म्हणणं डोक्यात बसलं. आमच्या मंडळात मी दोन गोष्टी मांडणार आहे. लायसन्स दाखवल्याशिवाय गाडीचं बक्षीस नाही. आणि धडक देऊन पळाला, आणि त्यानं स्वतः कबूल केलं किंवा पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं, तर तो मोसम बाहेर. सरावाला यायचं, खेळायचं नाही. बक्षिसाची रक्कम जखमीच्या घरी.

निपाणी_लोड

आरोपपत्राची अट घातली ते चांगलं केलंत. माझं मत तेच, आत जायलाच पाहिजे. पण निदान काहीतरी सुरू होईल.

कोर्ट_कट्टा_बेळगाव

आरोपपत्र म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे, सर. मी अजूनही विरोधातच आहे. पैसे जखमीला द्यायचं मात्र आजपासून करा, त्याला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

वडगाव_ओपनर

लायसन्सचं पटलं. बाकीच्याची भीती वाटते. सर, असा नियम पहिला कुणाला लागेल सांगू? ज्याच्या मागं कुणी नाही त्याला. गावच्या पुढाऱ्याच्या पुतण्यानं ठोकलं तर आरोपपत्रात ड्रायव्हरचं नाव बदललेलं असेल, आणि तो फायनल खेळेल.

खानापूर_मैदान

होय, तशी भीती आहे. म्हणूनच तू बैठकीला ये. येत्या रविवारी मंडळाची बैठक आहे, नियम तिथं वाचायचा आहे. जे इथं लिहिलंस ते सगळ्यांसमोर बोल, त्या पुढाऱ्यांच्या तोंडावर. तू बोलल्यानंतरच मतदान घेऊ.