प्रतिसाद : केंटकी, मिसुरी का वगळली?

एक प्रश्न आला आहे की अमेरिकेच्या यादवी युद्धात (गुलामगिरीवाली दक्षिणेची बंडखोर राज्यं विरुद्ध उत्तर) राष्ट्राध्यक्ष लिंकनला गुलामगिरी खरंच संपवायची होती, तर १ जानेवारी १८६३च्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यातून केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामगिरी असूनही उत्तरेकडे राहिलेली राज्यं का सुटली? कारण त्याने वापरला तो सरसेनापती म्हणून मिळालेला युद्धाधिकार. तो बंडखोर प्रदेशापुरताच लागू होत होता. शिवाय ही चार राज्यं दुखावून दक्षिणेला मिळाली असती, तर युद्धच हातचं गेलं असतं.

पण मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मे १८६१मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या उत्तरेच्या ताब्यातल्या किल्ल्यावर घडलेलं. दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायला जुंपलेले तीन गुलाम रात्री पळून किल्ल्यावर आले. मालकाच्या वतीने त्यांना परत मागायला दक्षिणेचा अधिकारी आला, तेव्हा किल्ल्यावरचा उत्तरेचा जनरल बटलर (मूळचा वकील!) म्हणाला, तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता, मग पळालेले गुलाम मालकाला परत करण्याचा आमचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? शत्रूच्या कामी येणारी मालमत्ता म्हणून त्याने ते तिघे ठेवून घेतले. माणसाला ‘मालमत्ता’ म्हणणं क्रूरच, पण त्याच शब्दातून वाट निघाली आणि पुढे हजारो गुलाम त्या वाटेने स्वतःहून उत्तरेकडे आले.

म्हणून गुलामगिरी संपवण्याचं सगळं श्रेय वॉशिंग्टनमधल्या सरकारला देणं मला पटत नाही. जाहीरनाम्याने सैन्यभरतीही खुली केली आणि सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. वगळलेल्यांपैकी केंटकी आणि डेलावेअरमध्ये मात्र गुलामगिरी डिसेंबर १८६५मध्ये देशभर गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकली.