शब्दचर्चा : 'मतदारसंघ' हा माणसांचा की गावांचा?

चर्चेचा विषय (कुर्डुवाडी)

आमचं कुर्डुवाडी माढा तालुक्यात. तहसील माढ्याला, पंचायत समितीचं राजकारण माढ्याचं, पण विधानसभेला आम्ही मत देतो ते करमाळ्यात. २००८ पासून अमलात आलेल्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेत कुर्डुवाडी आणि भोवतालची गावं २४४ करमाळा मतदारसंघाला जोडली गेली. तेव्हापासून आमच्या या पट्ट्याला राजकारणात नावच पडलं आहे, 'छत्तीस गावं'. "छत्तीस गावांत लीड कुणाला?" हा मतमोजणीच्या दिवशी करमाळ्याच्या चौकात पहिला प्रश्न असतो. शेजारच्या माढा मतदारसंघाची तीच तऱ्हा. त्यात पंढरपूर तालुक्यातली ४२ आणि माळशिरस तालुक्यातली १४ गावं आहेत.

हे एवढ्यासाठी सांगितलं की प्रश्नाचं मूळ इथेच आहे. मतदार अधिक संघ, म्हणजे मतदारांचा समूह. शब्द माणसांचा आहे. हिंदीत मात्र 'निर्वाचन क्षेत्र' किंवा 'विधानसभा क्षेत्र' म्हणतात, आणि क्षेत्र म्हणजे भूभाग. आपण बोलताना मराठी शब्दही भूभागासारखाच वापरतो. मतदारसंघ पिंजून काढला, मतदारसंघ दुष्काळी आहे, मतदारसंघातले रस्ते खराब आहेत. आणि लगेच पुढच्या वाक्यात, 'मतदारसंघाने कौल दिला'. कौल गावं देत नाहीत, माणसं देतात.

मूळ अर्थ कोणता आणि दुसरा कधी चिकटला? माझं स्वतःचं मत असं की माणसांचा अर्थ जुना आहे आणि तो जपावा. पण जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद (सातारा)

ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे आणि त्याला पुरावा आपल्याच इतिहासात आहे. 'स्वतंत्र मतदारसंघ' हा शब्द आठवा. १९०९ च्या सुधारणांत मुस्लिमांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्य वर्गालाही ते देऊ केले. तिथे 'मतदारसंघ' याचा अर्थ नकाशावरचा तुकडा असा मुळीच नाही. एकाच गावात, एकाच गल्लीत राहणारे दोघे वेगवेगळ्या मतदारसंघांत असू शकत होते, कारण कोणी कोणासाठी मत द्यायचं याची ती विभागणी होती. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात त्याऐवजी संयुक्त मतदारसंघ आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या.

करारातली निवड दोन टप्प्यांची होती, हे फारसं सांगितलं जात नाही. आधी राखीव जागेसाठी फक्त अस्पृश्य वर्गातल्या मतदारांनी मत देऊन चार जणांचं पॅनेल निवडायचं आणि मग त्या चौघांतून एकाला सगळ्यांनी मिळून निवडून द्यायचं. म्हणजे भूभाग एकच, पण पहिल्या टप्प्याचा मतदारसंघ वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा. आजचा अर्थ डोक्यात ठेवून त्या काळचं लिखाण वाचलं की वाचक गोंधळतो. 'डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले' हे वाक्य वाचून दलितांसाठी वेगळे तालुके तोडून मागितले होते असं समजणारी शिकलेली माणसं मला भेटली आहेत. शब्दाचा जुना अर्थ विसरला की इतकं मोठं राजकारणच चुकीचं समजतं.

प्रतिसाद (पुणे)

जुना अर्थ मेलेला नाही. विधान परिषदेकडे पाहा. पदवीधर मतदारसंघ, शिक्षक मतदारसंघ, स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघ. परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या आणि २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. पुणे पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात, पण त्या पाच जिल्ह्यांत नुसतं राहून भागत नाही. पदवीला किमान ३ वर्षं झालेली हवीत आणि यादी नव्याने तयार होते तेव्हा नमुना १८ भरून पुन्हा नाव नोंदवावं लागतं. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे आपोआप येत नाही. इथे 'संघ' शब्द पूर्ण अर्थाने उभा आहे.

ताई, तुमच्या छत्तीस गावांचा माणूस पदवीधर असेल तर तो एकाच वेळी तीन मतदारसंघांत आहे. विधानसभेला करमाळा, लोकसभेला माढा, परिषदेला पुणे पदवीधर.

चर्चाकर्ती (कुर्डुवाडी)

दोघांनाही मनापासून धन्यवाद. लोकसभेचा माढा मतदारसंघ तर साताऱ्यातल्या फलटण आणि माणपर्यंत जातो. २००९ ला शरद पवार इथून उभे राहिले तेव्हा बाहेरच्यांना वाटायचं, माढा म्हणजे माढा तालुका.

मग पुढचा प्रश्न. माणसांचा शब्द जमिनीला कसा चिकटला?

प्रतिसाद (लातूर)

नमस्कार ताई. मी शिक्षक, निवडणुकीच्या ड्युट्या भरपूर केल्या आहेत. माझं उत्तर सरळ आहे. मतदाराला यादीत बसवायचं तर त्याचा पत्ताच धरावा लागतो. यादीचा भाग क्रमांक गावावरून किंवा वस्तीवरून, मतदान केंद्र शाळेवरून आणि मतदारसंघ महसूल मंडळांवरून. पुनर्रचनेच्या आदेशात मतदारसंघाची व्याख्याच 'अमुक तालुका, तमुक तालुक्याचा भाग, अमुक महसूल मंडळ, तमुक नगरपालिका' अशी असते. कागदावर जे लिहिलं जातं तेच तोंडात बसतं.

आणि बोलीत तर आणखी एक पाऊल पुढे गेलंय. ड्युटीवर आम्ही 'मतदारसंघ' हा शब्दच उच्चारत नाही. "दोनशे चव्वेचाळीस करमाळा" असं नंबरासकट नाव घ्यायचं, यंत्रांच्या पेट्यांवरही तसंच लिहिलेलं असतं. नंबर वायव्येकडून सुरू होतात. १ अक्कलकुवा, नंदुरबार जिल्ह्यातला, आणि शेवटचा २८८ जत, सांगली जिल्ह्यातला. कार्यकर्ते तर सरळ 'करमाळा विधानसभा', 'आपली विधानसभा' म्हणतात. विधानसभा मुंबईत एकच आहे आणि तिचे २८८ तुकडे गावोगाव झाले आहेत! व्याकरणाने हे चूक ठरेल, पण 'विधानसभा मतदारसंघ' हे नाव बोलताना लांब पडतं आणि माणसं पुढचा शब्द ठेवून मागचा टाकतात. लिहिताना मात्र टाकू नये असं मला वाटतं. बातमीत 'करमाळा विधानसभेत गोंधळ' वाचलं की क्षणभर काही कळत नाही.

जाता जाता, या कामातले काही मराठी शब्द फार नेमके आहेत आणि त्यांचं कौतुक होत नाही. केंद्राध्यक्ष, निवडणूक निर्णय अधिकारी, आणि माझा आवडता 'अभिरूप मतदान'. सकाळी खरं मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकून यंत्र दाखवायचं, मोजायचं, पुसायचं. सगळे तोंडाने 'मॉक पोल' म्हणतात. पण अहवालात 'अभिरूप मतदान' लिहिताना तो प्रकार काय आहे हे शब्दातच दिसतं. रूप मतदानाचं, प्रत्यक्षात मतदान नव्हे.

प्रतिसाद (मिशिगन)

इथल्या मराठी मंडळींच्या बातम्यांत एक चूक वारंवार दिसते म्हणून लिहितो. श्री ठाणेदार मूळचे बेळगाव भागातले. ते २०२० मध्ये मिशिगन राज्याच्या प्रतिनिधिगृहात तिसऱ्या डिस्ट्रिक्टमधून निवडून आले आणि २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर गेले. तेव्हा मराठीत 'तिसऱ्या जिल्ह्यातून विजयी' असं वाचलं. डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा हे भारतात ठीक. इथे प्रशासनाचा जिल्हा म्हणायचा तर तो काउंटी. निवडणुकीतलं डिस्ट्रिक्ट म्हणजे निव्वळ मतदारसंघ, त्याला ना जिल्हाधिकारी ना जिल्हा परिषद. राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे असे ११० मतदारसंघ आहेत आणि निवडणूक दर दोन वर्षांनी.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा, की इथे दर १० वर्षांनी जनगणना झाली की रेषा नव्याने आखतात, आणि कोणत्या रेषेत कोणती माणसं पडतात यावरच सगळी भांडणं. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात राज्य सिनेटचा एक मतदारसंघ पक्षाच्या सोयीने इतका वेडावाकडा आखला की त्यावरून 'जेरीमँडर' हा शब्दच तयार झाला. मिशिगनमध्ये २०१८ ला लोकांनी कौल देऊन रेषा आखायचं काम आमदारांकडून काढून घेतलं आणि १३ नागरिकांच्या आयोगाकडे दिलं. नकाशा जमिनीचा असतो खरा, पण आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माणसंच असतात. म्हणून 'मतदारसंघ' हा शब्द मला 'डिस्ट्रिक्ट'पेक्षा जास्त खरा वाटतो.

प्रतिसाद (अकलूज)

दादा, पटलं. आपल्याकडे मतदारसंघांच्या सीमांचं काम सीमांकन आयोगाकडे असतं, आणि राज्यातल्या जागांची एकूण संख्या गोठवलेली आहे. १९७८ पासून महाराष्ट्रात २८८ च. २००८ ला सीमा आणि आरक्षण बदललं, आकडा नाही. अनुसूचित जातींसाठी १८ च्या २९ जागा झाल्या, जमातींसाठी २२ च्या २५.

यातून मराठीत एक क्रियापद घट्ट बसलं, 'आरक्षण पडलं'. आमचा माळशिरस अनुसूचित जातींसाठी राखीव झाला तेव्हा इथे सगळे हेच म्हणत होते. 'पडणे' हे क्रियापद आपण ज्यांवर कोणाचंच काही चालत नाही अशा गोष्टींना लावतो, पाऊस पडतो, दुष्काळ पडतो. विजयसिंह मोहिते पाटील इथून आमदार, उपमुख्यमंत्री झालेले. जागा राखीव झाल्याने ते २००९ ला पंढरपुरातून लढले आणि भारत भालकेंकडून हरले. मला स्वतःला 'पडलं' हा शब्द आवडत नाही. ज्या समाजाला पहिल्यांदा इथून आमदार देता आला, त्यांच्यावर काही पडलेलं नाही, त्यांना मिळालं आहे. 'मतदारसंघ राखीव झाला' म्हणावं, अर्थ पूर्ण होतो आणि कोणाला दुखवतही नाही.

दुसरं क्रियापद 'सुटणे'. युतीत किंवा आघाडीत 'ही जागा आम्हाला सुटली'. दोन्ही पक्षांचा दावा होता, एकाने सोडला म्हणून दुसऱ्याला सुटली. इतक्या कमी अक्षरांत जागावाटपाची सगळी ओढाताण येते. आणि बघा, पक्ष बोलतो 'जागे'बद्दल आणि तिथे वर्षानुवर्षं लग्नं, बारशी, दहाव्याचे विधी करत फिरलेला माणूस बोलतो 'मतदारसंघा'बद्दल. "मी मतदारसंघ बांधला आणि जागा मित्रपक्षाला सुटली." या वाक्यात दोन्ही शब्दांची अदलाबदल करून पाहा, जमत नाही.

प्रतिसाद (सातारा)

फार छान निरीक्षण. मतदारसंघ बांधता येतो, जागा बांधता येत नाही. यातही माणसांचा अर्थ जिवंत आहे, कारण बांधलेली असतात ती माणसं.

त्याच माणसाची पुढची नावंही पाहा. तिकीट मिळेपर्यंत तो 'इच्छुक'. हे विशेषण, पण मराठी बातमीदारांनी त्याचं नाम केलं. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, मिळून अर्ज भरला की 'उमेदवार'. माघारीची मुदत टळली की 'रिंगणात'. 'उमेदवार' फारसीतून आला, उमेद म्हणजे आशा. मराठीत 'वकिलाकडे उमेदवारी केली' असंही म्हणतात, तिथे अर्थ शिकाऊ म्हणून काम केलं असा. आशा धरून राबणं, हे दोन्हीकडे समान.

प्रतिसाद (मंगळवेढा)

भालकेंचा विषय निघाला म्हणून. त्यांचं २०२० मध्ये निधन झालं आणि एप्रिल २०२१ मध्ये पंढरपूरची 'पोटनिवडणूक' झाली. समाधान आवताडे विजयी झाले. माझ्या मुलीने विचारलं होतं, यात पोट कुठून आलं? पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू यातलंच हे पोट. मोठ्याच्या आत येणारं लहान. पाच वर्षांच्या मुदतीच्या आत येणारी निवडणूक, आणि निवडून आलेल्याला मुदतही उरलेलीच मिळते. हिंदीतल्या 'उपचुनाव'वरून हल्ली कुणी 'उपनिवडणूक' लिहितात. गरज नाही.

चर्चाकर्ती (कुर्डुवाडी)

अकलूजच्या दादांचं 'राखीव झाला' मी आजपासून वापरणार.

करमाळ्याचं एक उदाहरण देते, 'बांधणी'वरून आठवलं. २०१४ ला इथे तिघांत अटीतटीची लढत झाली आणि नारायण पाटील रश्मी बागल यांच्यापेक्षा अवघ्या २५७ मतांनी पुढे राहिले. २०१९ ला संजयमामा शिंदे अपक्ष निवडून आले, २०२४ ला पुन्हा नारायण पाटील. इतक्या कमी फरकाच्या मतदारसंघात आमची छत्तीस गावं कोणालाच सोडून देता येत नाहीत. आधी 'तोडली' म्हणायचे लोक. "माढ्यातून तोडली, करमाळ्याला जोडली." आता 'छत्तीस गावं' हे नाव अभिमानाने घेतात. माझ्या मते हे नाव म्हणजे आमचा एक लहानसा संघच झाला आहे.

शेवटचा प्रश्न लिहिण्याचा. 'मतदारसंघ' की 'मतदार संघ'?

प्रतिसाद (पुणे)

जोडून. हा समास आहे, मतदारांचा संघ. सरकारी याद्यांवर आणि फलकांवर तोडून लिहिलेलं सर्रास दिसतं, त्यावरून गोंधळू नये. तोडून लिहिलं की ग्राहक संघ, क्रीडा संघ अशा नोंदणी केलेल्या संस्थेसारखं दिसतं. आणि सामान्यरूप होताना जोडलेलंच नीट चालतं, मतदारसंघात, मतदारसंघाचा. 'पोटनिवडणूक'ही जोडूनच. 'अपक्ष उमेदवार' मात्र दोन शब्द, तिथे 'अपक्ष' विशेषण आहे.

प्रतिसाद (लातूर)

अनामतीबद्दल कुणी विचारलं नाही, पण एक नेहमीची चुकीची समजूत आहे म्हणून सांगतो. 'अनामत जप्त' होण्यासाठी एकूण मतदारांच्या एक षष्ठांश असं काही नसतं. झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जाते, बरोबर एक षष्ठांश मिळाली तरी जाते, आणि नोटाची मतं या हिशेबात धरत नाहीत. विधानसभेला रक्कम १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,०००. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ती २५० रुपये होती. मतमोजणीच्या टेबलाशेजारी हा हिशेब करणारी पोरं दरवेळी नोटासकट भागाकार करत बसतात.