शेजारच्या मुलांना कामाचे पैसे कसे ठरवून द्यायचे?

मंडळी, जरा सल्ला हवाय. घराभोवती मोकळी जागा बरीच आहे आणि माझी कंबर आता वाकू देत नाही, त्यामुळे पाला गोळा करणं, तण उपटणं, कुंड्या हलवणं असली कामं शेजारची दोन भावंडं येऊन करतात, ताई १५ वर्षांची, धाकटा १३चा. आईवडिलांना विचारलंय, अभ्यासाच्या वेळा सोडूनच बोलावतो. घोडं अडतंय ते पैशापाशी. किती देऊ विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात आणि "काहीही द्या काका". मोठा माणूस असता तर घासाघीस केली असती, नाही परवडत म्हणून चालता झाला असता, ही पोरं तसलं काही करणार नाहीत, म्हणजे भाव ठरवणारा मीच आणि देणाराही मीच, तेच खटकतं.

तासावर द्यावे तर धाकटा एक रोप उपटतो आणि मुळाला लोंबणारं गांडूळ न्याहाळत बसतो (बसू दे की, वयच आहे). उक्ते द्यावे तर ताई भराभर उरकते पण तण वरच्यावर तुटतं, मुळं जमिनीतच, चार सरी पडल्या की परत हिरवंगार. बरं दोघांना सारखेच द्यावे तर तिचं काम दुप्पट, ती बोलत नाही पण हातात नोटा पडल्या की एकदा त्याच्या हाताकडे बघतेच.

एक शेजारी म्हणाले एवढं काय, चॉकलेट द्या, पैशाची सवय नको. पोरांनी दुकानातून काहीतरी आणून दिलं तर चॉकलेट ठीक हो, पण दुपारभर उन्हात राबल्यावर चॉकलेट? माळ्याला जो दर देतो तोच द्यावा का असंही मनात येतं. माळ्याला अनुभव असतो, अवजारं त्याची असतात हे मान्य, पण पाल्याचं पोतं तर तेवढंच भरतं ना!

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३चा किमान वयाचा करार आहे (क्र. १३८), त्यात साधारण १३ ते १५ वयाला फक्त हलकं काम, तब्येतीला अपाय नको आणि शाळा बुडायला नको असं आहे, देशोदेशीचे कायदे आणखी वेगळे. म्हणून शिडी, कोयता, तणनाशक, गवत कापायचं मशीन यांना मी हातच लावू देत नाही. कुंडी फुटली तर पैसे कापायचे नाहीत हेही नक्की.

सध्या डोक्यात असं आहे की तासाचा दर दोघांना एकच, तो आधीच आईवडिलांसमोर सांगायचा, आणि मुळासकट निघालेल्या तणाच्या दर बादलीमागे वर थोडे, पैसे त्याच दिवशी हातात. पण मग बादल्या भरायच्या नादात दोघांची भांडणं लागतील का? आणि बोलावलं न् आल्याआल्या पाऊस लागला तर रिकाम्या हाती पाठवायचं की अर्धे द्यायचे? कोणी असं करून घेत असाल तर सांगा, ताईला जास्त मिळाले हे धाकट्यासमोर उघड सांगता की वेगवेगळे देता?