इलेक्ट्रिक चेन सॉ वापरलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

परवा शेजारी विचारत होता, "विजेवरची करवत घेतोय. पेट्रोलवालीचा आवाज आणि धूर नको. चालेल ना?" चालेल म्हटलं, आणि मग तासभर त्याला सोडलंच नाही. आवाज कमी म्हणून लोक तिला मिक्सरसारखी हाताळतात, हे डोळ्यांनी पाहिलंय. साखळी तीच असते हो, मोटार तेवढी वेगळी. तर फसलेले, वाचलेले, कानस घासून घासून शहाणे झालेले, सगळे लिहा. सुरुवात मी करतो.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोलीकडच्या आमच्या वाडीत माड, पोफळी, फणस सगळं आडवं झालं. घरात १६ इंची बारची (बार म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी), २००० वॅटची कोरी करवत होती आणि गावात लाईट नाही! शेजारच्यांचा १ केव्हीएचा, म्हणजे फार तर हजार वॅटचा, जनरेटर आणला, तो करवत लावली की गुरगुरून बसायचा. बरेच दिवस कोयता-कुऱ्हाडीवरच काढले.

लाईट आल्यावर पहिलाच फणस घेतला. बुंधा दोन्ही टोकांना टेकलेला, मधे अधांतरी. वरून कापत गेलो, निम्म्यावर खाच मिटली आणि बार आत गच्च. चालू मशीन हिसडायचं नाही एवढी अक्कल शाबूत होती. प्लग काढला, पाचर ठोकली, तेव्हा कुठे सुटला. दोन्हीकडे टेकलेलं लाकूड वरच्या अंगाला दाबलेलं आणि खालच्या अंगाला ताणलेलं असतं. म्हणून वरून साधारण तिसरा हिस्सा कापायचा आणि मग खालून वर यायचं. एका टोकाने लोंबणाऱ्या फांदीला बरोबर उलट, आधी खालून. गड्याला हे ठाऊक होतं. मला विचारायची लाज वाटली.

सांगलीहून

आमच्याकडची गंमत. नवी चेन आणली, ह्यांनी बसवली आणि बाभळीला लावली. धूर! कापलं काहीच नाही, लाकडावर नुसता काळा डाग. दुकानदाराला फोन करून यथेच्छ बोलून झालं. मग धाकटा म्हणाला, "बाबा, दात उलटे आहेत." बारच्या वरच्या बाजूला दातांची तोंडं टोकाकडे हवीत. घरी पुन्हा त्या दुकानाचा विषय निघाला नाही.

आणि लुंगी नेसून, खांद्यावर उपरणं टाकून करवत चालवणाऱ्या समस्त पुरुषमंडळींना साष्टांग. आमच्या घरात आता नियम आहे: फुल पँट, बूट आणि चष्मा घातल्याशिवाय प्लग मी लावू देत नाही.

वायरिंगचं काम करतो, रत्नागिरी

मशीनपेक्षा एक्स्टेंशननेच जास्त घोळ होतात. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. आणि लोक टेबल फॅनची वायर जोडून पन्नास मीटर लांब नेतात. मोटारीला व्होल्टेज पोचत नाही, ती तापते आणि मग "मशीनच खराब" म्हणून ओरड. २.५ स्क्वेअर एमएमची तीन कोर वायर घ्या, १६ अँपिअरचा प्लग, अर्थिंगसकट. ड्रमवरची वायर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली ठेवली तर आतल्या आत तापून वितळते. एका गिऱ्हाइकाकडे मी तिचा अख्खा गोळा झालेला पाहिलाय.

बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. वायर आपलीच करवत कापते, हे प्रत्येकाच्या बाबतीत एकदा तरी होतं. माझ्याही झालंय. वायर उजव्या खांद्यावरून मागे सोडा. पावसात, ओल्या गवतात काम नको.

पुणे, गच्चीवर बाग

माझी बॅटरीवरची छोटी, सहा इंची. एका हाताने चालते म्हणून घेतली आणि तिथेच चुकलं. उजव्या हातात करवत आणि डाव्या हाताने फांदी धरलेली. फांदी तुटली, करवत तशीच पुढे आली. अंगठ्याजवळ चार टाके. डॉक्टर म्हणाले, नस थोडक्यात वाचली. माझ्या मॉडेलला चेन ब्रेकही (करवत उसळली की साखळी थांबवणारा) नाही. आता फांदी आधी दोरीने बांधते, दोन्ही हात मशीनवर. शिडीवर चढून तर अजिबात नाही. आणि साखळीला हात लावायच्या आधी बॅटरी काढून खिशात, बाजूला ठेवायची नाही, खिशात!

राजापूर, आंबा-काजू

वरच्या ताईंचं वाचून माझं आठवलं. आंब्याची छाटणी चालली होती. बारच्या टोकाचा वरचा कोपरा मागच्या फांदीला लागला, मला दिसलीच नव्हती ती. करवत कपाळाच्या दिशेने अशी उसळली की कळायच्या आत सगळं झालं. मनगट पुढच्या गार्डवर आपटलं, ब्रेक लागला, साखळी थांबली. मी थोडा डावीकडे उभा होतो, बारच्या सरळ रेषेत नव्हतो, म्हणून हे लिहितोय. तेव्हापासून तीन गोष्टी: डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवून घट्ट, करवत खांद्याच्या वर नाही, आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी ब्रेक लागतो का ते पाहायचं.

धारेविषयी लिहितो, कारण बोथट साखळीला आपण जोर लावतो आणि जोर लावला की घोळ होतो. भुसा पाहा. ढलप्या पडत असतील तर धार आहे, पीठ पडायला लागलं की संपली. माझ्या साखळीला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, तुमच्या पुस्तिकेत पाहून घ्या. पहिल्या दाताला बायकोचं नेलपॉलिश लावतो, म्हणजे कुठून सुरू केलं ते कळतं. प्रत्येक दाताला सारखेच हात, कानस आतून बाहेर, परत आणताना उचलायची. एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला तीन हात झाले की करवत चंद्रकोरीसारखी कापत जाते. जमिनीला टेकवायची नाही. मातीत एकदा गेली की तासाभराची मेहनत गेली. माडाचा बुंधा तर कानस खाणाराच आहे.

पनवेलहून एक प्रश्न

चेन किती ताठ ठेवायची? आणि साखळीच्या तेलाऐवजी जुनं इंजिन ऑईल चालतं का? आमच्या सोसायटीतलं वाळलेलं झाड मी स्वतःच पाडलं तर?

पुन्हा राजापूर

ताठपणा: गार असताना बारच्या खालून ओढून पाहा, साखळीचे आतल्या बाजूचे दात बारच्या खोबणीतून पूर्ण बाहेर येऊ नयेत आणि हाताने (हातमोजे घालून, प्लग काढून) साखळी सहज फिरावी. तापली की सैल होते, तेव्हा घट्ट केलीत तर काम संपल्यावर पुन्हा ढिली करा. गार होताना ती आकसते आणि बारला आवळते.

जळकं ऑईल नको. त्यात धातूचा बारीक चुरा असतो आणि ते सगळं आपल्याच मातीत जातं. तेल येतंय का पाहायला चालू करवतीचं टोक रद्दीच्या कागदासमोर धरा, शिंतोड्यांची रेघ उमटली पाहिजे. अधूनमधून बार उलटा करून लावा, खोबणीतला चिकट भुसा खरवडा.

झाड पाडण्याचं मात्र परवानगीशिवाय नको. शहरी भागात १९७५चा झाडांचा कायदा आहे. आमच्याकडे गावातही १९६४च्या कायद्याने आंबा, फणस, साग स्वतःच्या जागेतला असला तरी परवानगी लागते.

सांगलीहून

तेलाचं एक राहिलं. वापरत नसलो तरी आमची करवत तेल गाळत बसते. दुरुस्तीवाला म्हणाला, बऱ्याच मशीनांचं असंच असतं, टाकी रिकामी करून ठेवा. ह्यांनी ती गव्हाच्या कोठीवर ठेवली होती. आता खाली जुनी परात ठेवलीय.