तळ्याचे पाणी हिरवे पडते: यूव्ही दिवा घ्यावा की फिल्टर बदलावा?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
घरामागे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि अडीच फूट खोल असे सिमेंटचे तळे असून त्यात आठ-दहा कोई मासे आहेत. पंप ताशी १५०० लिटरचा असून पाणी चार फूट उंचावरील स्पंजच्या पेटीतून परत येते. दर रविवारी स्पंज नळाखाली अगदी नव्यासारखा होईपर्यंत धुतला जातो, तरीही उन्हाळा लागला की तळ दिसेनासा होतो. दुकानदार यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा सुचवतात. तो घ्यावा का?

उत्तर (सातारा शहर):
आपल्या तळ्यात १५० घनफूट, म्हणजे सुमारे ४२०० लिटर पाणी मावते. कोई असलेल्या तळ्यातील सगळे पाणी निदान दोन तासांतून एकदा, आणि शक्यतो तासातून एकदा, फिल्टरमधून फिरायला हवे. आपल्या पंपाला ताशी १५०० लिटर धरले तरी जवळपास तीन तास लागतात. शिवाय खोक्यावरील १५०० हा आकडा पाणी वर न चढवता मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो; चार फूट चढवल्यावर तो बराच घटतो. त्यामुळे पंप घेताना उंचीनुसार प्रवाह दाखवणारा तक्ता मागून घ्यावा.

मला अधिक खटकले ते स्पंज धुणे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू याच स्पंजवर वाढतात आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते. तळ्यातलेच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोन-तीनदा पिळावा, तोही प्रवाह मंदावल्यावरच. थोडा तपकिरी राहिला तर उत्तमच. नवा फिल्टर पूर्ण कामाला लागायला महिना-दीड महिना जातो, तोवर खाद्य हात राखून टाकावे.

उत्तर (मिरज):
यूव्ही दिव्याने पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ मरते. भिंतीला चिकटलेल्या तंतूंच्या शेवाळावर आणि अमोनियावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. म्हणून आधी फिल्टर, नंतर दिवा. दिवा डोळ्यांना पेटलेला दिसला तरी त्याचा जोर ओसरत जातो, म्हणून नळी साधारण वर्षाने बदलावी लागते. निम्मे पाणी कमळाच्या पानांनी झाकले, तर कदाचित दिव्याची गरजही भासणार नाही. जलपर्णी मात्र लावू नये, कारण ती ओढ्यातून नदीत गेली की आवरत नाही.

उत्तर (कराड):
महागड्या पेटीऐवजी २०० लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा ड्रम घ्यावा. पाणी तळाशी सोडून वरून बाहेर काढावे, मध्ये आधी जाड ब्रश किंवा जाळी आणि त्यावर धुतलेल्या जुन्या कौलांचे तुकडे भरावेत, कारण सच्छिद्र कौलावर जिवाणूंना भरपूर जागा मिळते. तळाशी गाळ सोडायला व्हॉल्व्ह हवाच. एक गोष्ट मात्र विसरू नये. लाइट बरेच तास गेली तर ड्रममधील प्राणवायू संपून जिवाणू मरतात आणि पाणी कुजते. अशा वेळी लाइट आल्यावर ड्रममधील पाणी आधी व्हॉल्व्हमधून बागेत सोडून द्यावे, मगच पंप चालू करावा.