मोठ्या धरणांचा प्रकार कशावरून ठरतो?

प्रश्न: काही मोठी धरणे मातीची, तर काही काँक्रीटची आणि कमानीच्या आकाराची असतात. हा फरक धरणाच्या उद्देशामुळे पडतो का?

उत्तर १: प्रकार मुख्यतः जागेवरून ठरतो. दरी अरुंद आणि दोन्ही कडांचा खडक भक्कम असेल, तर कमानी धरण पाण्याचा दाब त्या कडांवर सोपवते आणि काँक्रीटही कमी लागते. चीनमधील ३०५ मीटर उंचीचे जिनपिंग-१ याच प्रकारचे आहे. चीनमधीलच थ्री गॉर्जेस धरण मात्र केवळ स्वतःच्या वजनावर दाब पेलते.

उत्तर २: पायाखाली खोल गाळ असेल, तर माती-दगडांचा भराव योग्य ठरतो, कारण त्याचे वजन रुंद तळावर पसरते. नाईलवरील आस्वानचे उंच धरण (१९७०) असेच आहे. भरावावरून पाणी वाहिले तर तो खचू शकतो, म्हणून पुरेसा सांडवा (जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर सोडणारा मार्ग) ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

उत्तर ३: उद्देशाचा खरा परिणाम जलाशयाच्या व्यवस्थापनावर होतो. सिंचन आणि वीजनिर्मिती यांसाठी जलाशय भरलेला हवा असतो, तर पूरनियंत्रणासाठी त्यातील काही जागा रिकामी ठेवावी लागते. त्यामुळे बहुउद्देशीय धरणात पाणी केव्हा सोडायचे, हा निर्णय नेहमीच कठीण असतो.