ईस्टरच्या आठवड्यात पेसाखचं (ज्यूंच्या वल्हांडण सणाचं) जेवण : तुमचे अनुभव

वसईची_लेक
आज खजूर निवडताना ठाण्याच्या शेजारच्या काकू आठवल्या. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. २०२२ साली त्यांचा सेडर (पेसाखच्या रात्रीचं विधीचं जेवण) नेमका गुड फ्रायडेच्या संध्याकाळी आला. आमचा उपास, त्यांचा सण. काकू म्हणाल्या, "मटण नको खाऊस गं, पण ये." माझ्यासाठी बटाट्याची भाजी वेगळी काढून ठेवली होती. वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत, मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळलेलं. धाकट्या नातवाने सेडरचे ठरलेले चार प्रश्न हिब्रूत म्हटले, काकांनी उत्तरं मराठीत वाचली. मिसरातून सुटकेची गोष्ट आम्हीही चर्चमध्ये ऐकतो, पण मीठपाण्यात बुडवलेली कोथिंबीर तोंडात असताना ती वेगळीच कळते. रविवारी आमचे फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) पाठवता येईनात, त्या आठ दिवसांत खमीर चालत नाही. मग कलिंगड दिलं.
तुम्ही कोणाकडे जेवलात? लिहा.

आळीतला
अलिबाग, इस्राएल आळी. सणाआधी कल्हईवाला यायचा, सगळी भांडी चकचकीत. भिंतींना चुना. दारावर कागद, त्यावर बकऱ्याच्या रक्तात बुडवलेल्या हाताचा पंजा. आम्ही पोरं बघत उभे राहायचो. आता त्यातली बहुतेक घरं बंद आहेत, मंडळी इस्राएलमध्ये, लोद, अश्दोदला. मित्र फोनवर अजून "काय रे, आंबा आला का?" विचारतो.

मीनल_न्यूजर्सी
इथल्या एका चर्चने ईस्टरआधीच्या गुरुवारी स्वतःच सेडर ठेवला होता. ऑफिसातला ज्यू मित्र दुखावला. म्हणाला, आमचा सण आमच्याशिवाय कशाला? त्यापेक्षा घरी या. गेलो. मात्झाचा (बिनखमिराच्या भाकरीचा) तुकडा लपवतात, तो माझ्या लेकीला सापडला, बक्षीस मिळालं!! तेव्हापासून दरवर्षी बोलावतात. मला वाटतं हेच बरोबर, यजमान त्यांनीच असावं.
भात मात्र नव्हता.

पेणकर_सून
@मीनल ते अश्केनाझी (मूळ युरोपातले ज्यू) असतील. आमच्याकडे बेने इस्राएलींत भात चालतो, तांदळाची भाकरीही. भाताशिवाय आठ दिवस कोकणी माणूस कसा काढेल 😄

जुनी_पुस्तकं
१८७४ ची पुण्यात छापलेली हगादा (सेडरला वाचायचं पुस्तक) कोणी पाहिलीय का? हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. चित्रात लुगड्यातल्या बायका जमिनीवर बसून मात्झा करताहेत. बघून डोळे भरून आले.

आळीतला
घरी एक फाटकी प्रत होती, आजोबांना कोणी तरी दिलेली. कुठे गेली कोण जाणे.

जुनी_पुस्तकं
अरेरे 😔 माळ्यावर शोधा ना.

रास्तापेठ
पुण्यात मात्झा विकत मिळतो का? लाल देवळात (सिनेगॉगमध्ये) विचारावं का?

पेणकर_सून
घरी होतो की. गव्हाचं पीठ, पाणी. पीठ भिजवल्यापासून अठरा मिनिटांत भाजून झालं पाहिजे, म्हणून आम्ही तिघीचौघी बसतो. एक लाटते, एक टोचते, एक तव्यावर.

वसईची_लेक
पुढच्या वर्षी लाटायला मी येते!

नालासोपारा_लोकल
विषय सोडून, पण फुग्यांना ताडी घालता की यीस्ट? माझे बसतात.

वसईची_लेक
ताडी मिळाली तर ताडीच. पीठ रात्रभर ठेव, फेट चांगलं. तेल मध्यम. फोटो टाक.